स्लो कुकर: चोरीसला एक नंबर, पालेभाजीला जपून

ऑनलाइन मागवलेला साडेतीन लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर सात-आठ तास शिजवणारं विजेचं भांडं) कुडाळला ऐन पावसाळ्यात वापरतोय, त्याचा हा रिव्ह्यू. डाळभातासाठी घेत असाल तर घेऊच नका, त्याला आपला प्रेशर कुकरच बरा. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं ते दोऱ्यात ओवलेलं लालभडक चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालून चवळी, बटाटा आणि वर पाला असं भरपेट काही करायचं असेल तर मग मजा आहे.

चोरीसचा दोरा नि वरचं आवरण काढून कांद्यासोबत आधी कढईत परतायचं, तेल अजिबात नको, त्याचीच चरबी इतकी सुटते की कांदा त्यातच लाल होतो, आणि मीठ शेवटी चाखूनच घाला कारण चोरीस मुळातच खारट. चवळी भिजवून आधी उकडून घ्या, चोरीसात व्हिनेगर असतं आणि आंबटात कडधान्य शिजायला जाम वेळ खातं. राजमा असेल तर गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, नुसता कुकरच्या लो, म्हणजे सगळ्यात मंद आचेवर टाकला तर पोटाची वाट लागते. आई म्हणाली, "उकडायचंच आहे तर मग शिट्ट्या काढून मोकळा हो की, आठ तास कशाला?" मुद्दा बरोबर आहे, पण शिट्ट्यांत तो लसूण-मिरचीचा रस बटाट्यात असा मुरत नाही.

लाल माठ शेवटच्या अर्ध्या तासातच टाका, नाहीतर नुसता लगदा. मुळ्याचा पाला तासभर तग धरतो. अळूच्या भानगडीत पडू नका, खाज सुटेल. आणि सारखं झाकण उघडून बघायचं नाही, वाफ गेली की परत तापायला वीसेक मिनिटं जातात.

आता खरी तक्रार. ह्याला डिजिटल बटणं आहेत, त्यामुळे लाईट जाऊन आली की हा आपोआप चालू होत नाही, गप्प बसून राहतो. आमच्याकडे पावसात लाईटचं काय असतं ते सांगायला नको. दुपारी घरी आलो तर सगळं कोमट, कधीपासून तसं पडलंय कळायला मार्ग नाही, अख्खं भांडं चोरीससकट फेकावं लागलं, जीव हळहळला. तेव्हा घ्यायचाच तर गोल खटका फिरवायचा साधा मॉडेल घ्या, आणि दीड लिटरचा नको, त्यात चिरलेला पाला मावतच नाही.