दोन मजली एग सँडविच मेकर: अंडं छान होतं, पण खालच्या मजल्यावर लक्ष हवं

नाश्त्याचं एग सँडविच घरी करताना खरी कसरत असते ती वेळ जुळवण्याची. पाव भाजून तयार होतो तेव्हा अंडं कच्चं असतं, आणि अंडं होईपर्यंत पाव गार पडून चामट झालेला असतो. दोन मजली सँडविच मेकर ही अडचण सोडवतो आणि चांगली सोडवतो. नेहमीच्या त्रिकोणी साच्याच्या टोस्टरशी मात्र त्याची गल्लत करू नका. यात तळाशी तापणारा पत्रा, त्यावर पावासाठी एक गोल कडं, मग हँडल धरून बाजूला फिरवता येणारी नॉनस्टिक तबकडी, तिच्यावर अंड्यासाठी दुसरं कडं आणि सगळ्यांत वर तापणारं झाकण असतं. वीज फक्त तळाला आणि झाकणाला मिळते. मधली तबकडी, म्हणजे जिच्यावर अंडं शिजतं ती, खालून-वरून येणाऱ्या उष्णतेवर तापते. या यंत्राचे बहुतेक गुण आणि दोष इथूनच सुरू होतात.

दोन्ही कडी खाली पाडून, झाकण लावूनच यंत्र तापवायचं. तापल्याचा दिवा लागला तरी आणखी एक-दोन मिनिटं थांबावं, कारण मधली तबकडी तळापेक्षा उशिरा तापते. थंड तबकडीवर अंडं पडलं की ते लगेच धरत नाही आणि पांढरा भाग कड्याखालून ओघळून पावावर येतो. 'यंत्र गळतं' या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असतं. दुसरं कारण म्हणजे तबकडी पूर्ण आत न सरकवणं. तिसरं जरा अनपेक्षित आहे: अंडं जुनं असणं. अंडं जसं शिळं होतं तसा त्याचा घट्ट पांढरा भाग पातळ होत जातो आणि फटीतून सहज निसटतो. फेटलेलं अंडंही याच कारणानं अख्ख्या अंड्यापेक्षा जास्त गळतं. ते घालायचंच असेल तर आधी दोन चमचे ओतून अर्धं मिनिट धरू द्यावं, मग उरलेलं घालावं.

क्रम असा: खालच्या कड्यात पावाचा एक भाग, त्यावर चीज, चीजवर भाजी. चीज सगळ्यांत वर ठेवलं तर ते मधल्या तबकडीला खालून चिकटतं, आणि शेवटी तबकडी फिरवताना अर्धं तिच्याबरोबर जातं. मग तबकडी खाली पाडून तिला ब्रशनं पाव चमचा तेल लावायचं, अंडं वाटीत फोडून अलगद सोडायचं आणि पिवळा बलक काट्यानं दोन-तीन ठिकाणी टोचायचा. टोचलं नाही तर बलक उंच राहतो, वरचा पाव वाकडा बसतो आणि मध्यभाग कच्चट राहतो. वर पावाचा दुसरा भाग ठेवून झाकण लावायचं. एका मध्यम अंड्याला 4 मिनिटं, मोठ्याला किंवा भाजी मिसळलेल्याला 5 मिनिटं. मग हँडल धरून तबकडी पूर्ण बाजूला फिरवली की अंडं आणि वरचा पाव खालच्या थरावर बसतात. ही हालचाल सावकाश पण न थांबता करावी. मध्येच थांबलं की अंडं दुमडतं.

वेळेच्या बाबतीत सैल राहू नये. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसच्या पुढे धरू लागतो, बलक त्याच्या थोडा पुढे, आणि मध्यभाग 71 अंशांपर्यंत गेला की अंडं निर्धोक शिजलं असं धरतात. त्यापुढे तापवत राहिलं की प्रथिनं आकसतात आणि स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. सहा-सात मिनिटं ठेवलेलं अंडं रबरासारखं होतं ते यामुळे, आणि ते पाणी मुरून पाव ओला होतो तेही यामुळेच. म्हणून घंटी वाजणारा टायमर असलेलं मॉडेल घ्यावं. हा दिखाऊ भाग नाही, गरजेचा आहे.

आता 'पौष्टिक' या शब्दाबद्दल. तव्यावर अंडं तळताना सहज एक-दोन चमचे तेल जातं. एका चमच्यात साधारण 40 कॅलरी असतात. इथे पाव चमचा पुरतो. एवढाच फायदा यंत्राचा, बाकी सगळं आत काय घालतो त्यावर आहे. सोललेल्या 50 ग्रॅमच्या अंड्यात सुमारे 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं असतात. एक अख्खं अंडं आणि एका अंड्याचा पांढरा भाग एकत्र घेतला तर 90च्या आतच कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. नेहमीच्या आकाराच्या कड्यात यापेक्षा जास्त घालू नये; दोन अख्खी अंडी उतू जातात.

बिघडतं ते मिठात. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रोसेस्ड चीजच्या एका स्लाइसमध्येच दोन-तीनशे मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, पावात वेगळं. चीज असेल तर अंड्यात मीठ घालूच नये, मिरपूड पुरते. सॉसेज, हॅम, बेकन रोजच्या नाश्त्यात नकोच: प्रोसेस्ड मांसाला याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. मेयोनीजऐवजी घट्ट दह्यात मोहरी आणि लसूण कालवून लावा, ओलसरपणा तोच मिळतो. पाव घेताना रंग पाहू नका, घटकांची यादी पाहा. पहिलं नाव अख्ख्या गव्हाच्या पिठाचं हवं. साखर जास्त असलेला पाव खालच्या पत्र्यावर चार मिनिटांत काळा पडतो, हे वेगळंच.

भाजी कच्ची घालण्याची चूक बहुतेक जण करतात. पालक आणि मशरूम यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते बंद यंत्रात वाफ होऊन पावातच जातं. बारीक चिरून, तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून, पिळून, दोन चमचे एवढीच घालावी. टोमॅटो आणि काकडी सँडविच बाहेर काढल्यावर.

साफसफाई सोपी आहे, पण फक्त कडी सुटी होणाऱ्या मॉडेलमध्ये. न सुटणारं घेऊच नये; बिजागरीच्या कोपऱ्यात अंडं वाळून बसतं आणि निघत नाही. डब्यातल्या तेलाचा फवारा मारू नका. त्यात मिसळलेला लेसिथिन नावाचा घटक तापून चिकट थर धरतो आणि नॉनस्टिकपणा संपतो. लोखंडी सुरीही नको, लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथणा वापरा.

एकट्या माणसासाठी किंवा दोघांसाठी हे यंत्र मनापासून सुचवावं असं आहे. चौघांसाठी नाही: एका वेळी एकच सँडविच होतं, चार फेऱ्यांत वीस मिनिटांवर जातात आणि पहिलं गार होतं. तिथे 8 अंडी भाजी घालून फेटून, 20 बाय 30 सेंटिमीटरच्या तेल लावलेल्या ट्रेमध्ये ओव्हनमध्ये 175 अंशांना 15 ते 20 मिनिटं भाजून तुकडे करणं कितीतरी सोयीचं. ओव्हन नसेल तर तव्यात अंड्याचं कडं ठेवून, चमचाभर पाणी बाजूला सोडून झाकण घातलं की तीन मिनिटांत जवळपास तसंच अंडं होतं. फक्त पावाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

आठवड्याची सँडविचं करून फ्रीझरमध्ये ठेवायची असतील तर फेटलेलं अंडंच वापरा. अख्ख्या अंड्याचा पांढरा भाग गोठल्यावर चिवट होतो. पूर्ण निवल्यावर, पण दोन तासांच्या आत, घट्ट गुंडाळून ठेवा. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून, सकाळी कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हच्या निम्म्या शक्तीवर दीड-दोन मिनिटं गरम करा. पूर्ण शक्तीवर कडा कडक होतात आणि मध्यभाग गारच राहतो.