ओट्याखालचा कडप्पा ठेवायचा की काढायचा?

जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नवं करायला काढलं की साधारण दोन कोटेशनं हातात पडतात. एक ट्रॉलीवाल्याचं: ओटा आहे तसाच, खालच्या कडप्प्याच्या, म्हणजे काळ्या फरशीच्या, कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या, पुढे शटर. दुसरं मॉड्युलरवाल्याचं: ओट्यासकट सगळं फोडायचं, प्लायचे बॉक्स उभे करायचे आणि त्यांच्यावर नवा ग्रॅनाइट. बहुतेक घरांत निर्णय शेवटच्या आकड्यावर होतो. त्याआधी एकच गोष्ट बघा: शेगडी आणि सिंक योग्य जागी आहेत का? असतील तर मी कडप्पा ठेवायच्या बाजूचा. नसतील, तर ट्रॉल्यांवर घातलेला पैसा वाया.

कडप्पा दिसायला साधा, पण त्याला वाळवी लागत नाही आणि पाण्याने तो फुगत नाही. सिंकखाली त्याची खरी किंमत कळते. तिथे बाटलीट्रॅपची (सिंकच्या पाइपला असलेल्या बाटलीसारख्या भागाची) चकती जरा ढिली झाली की थेंब थेंब पाणी कित्येक दिवस झिरपत राहतं. दगड पुसला की झालं, प्लायची खालची कड मात्र फुलते आणि सनमायका सुटायला लागतो. मॉड्युलर करायचंच असेल तर सिंकखालचे बॉक्स तरी आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचे घ्या आणि कापलेल्या प्रत्येक कडेला एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, मागा. दिसत नाही म्हणून मागची कड उघडी सोडायची पद्धत आहे.

कडप्प्याची अडचण वेगळी. गवंड्याने उभ्या केलेल्या फरश्या क्वचितच काटकोनात असतात. एकाच कप्प्याची रुंदी वर एक आणि खाली दुसरी भरते, त्यामुळे ट्रॉली सगळ्यात अरुंद मापाची करावी लागते आणि दोन्ही बाजूंना जागा मरते. कप्पे आधीच ठरलेले; मोठ्या पातेल्यांसाठी रुंद ट्रॉली हवी असली तरी मधली फरशी आडवी येते, आणि ती काढली तर वरच्या ओट्याचा आधार जातो. बॉक्समध्ये हे स्वातंत्र्य मिळतं. शिवाय ते चार इंची पायांवर उभे असल्याने पुढची स्कर्टिंग पट्टी काढून खालून झाडता येतं. झुरळांनी हैराण झालेल्यांना हा मुद्दा पटवून द्यावा लागत नाही.

ट्रॉल्यांचं स्टील कोणतं, हेही विचारा. ३०४ महाग, २०२ स्वस्त आणि लवकर गंजणारं. लोहचुंबक लावून यातला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच उपाय.

आता जागा बदलण्याबद्दल. सिंक खिडकीपासून लांब नेलं की सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यावा लागतो. तेलकट पाण्याचा पाइप जितका लांब आणि आडवा, तितका तो तुंबणार. पाइप गॅस असेल तर लाइन हलवायचं काम गॅस कंपनीकडूनच करून घ्यायचं, कंत्राटदाराच्या माणसाकडून नाही. त्याची तारीख आधी घ्या. चिमणीचंही तसंच: डक्टला जितकी वळणं जास्त, तितकी ओढ कमी. शेगडी बाहेरच्या भिंतीजवळ राहिली तर बरं.

दोन्ही पर्यायांत सारख्याच होणाऱ्या चुका विजेच्या असतात. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, चिमणी, मायक्रोव्हेव, फ्रिज यांच्या जागा टाइल्स लागायच्या आधी भिंतीवर खडूने काढा. मायक्रोव्हेवला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. हे राहून गेलं की नव्या डॅडोवरून (ओट्यामागच्या टाइल्सवरून) वायरची पांढरी केसिंग पट्टी फिरते आणि सगळी शोभा जाते. आणखी एक: ओट्यासमोरची खिडकी आत उघडणारी असेल तर उंच मानेचा नळ घेऊ नका, खिडकीचं दार त्यावर आपटतं. एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन इंचांची फिलर पट्टी सोडली नाही, तर एका ड्रॉवरचं हँडल दुसऱ्याला उघडू देत नाही. हे ड्रॉइंगमध्ये दिसतं, पण ड्रॉइंग बघताना आपण रंग बघत असतो.

रंगाचा क्रम उलटा धरावा. आधी ओट्याचा दगड, मग डॅडो, शेवटी शटरचं लॅमिनेट. कारण दगडाच्या छटा मोजक्या आणि लॅमिनेटच्या हव्या तितक्या. कडप्पा ठेवणाऱ्यांचा दगड आधीच ठरलेला आहे, म्हणजे निम्मं काम झालं. काळ्या ग्रॅनाइटवर जवळपास काहीही जातं. जुना हिरवा किंवा लालसर असेल तर शटर फिकट आणि बिनचमकीची घ्यावीत. नमुना दुकानातल्या झगमगाटात न ठरवता घरी आणून संध्याकाळच्या दिव्यात ओट्यावर ठेवून बघा. चकचकीत ॲक्रिलिकवर फोडणीचे शिंतोडे आणि बोटांचे ठसे दोन्ही उठून दिसतात. नवा दगड घेताना क्वार्ट्झचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या की त्यात रेझिन असतं, गरम तवा थेट टेकवला की डाग पडू शकतो. रोज भाकरी होणाऱ्या घरात ग्रॅनाइटच बरा.

कोटेशनं शेजारी ठेवताना एक रनिंग फुटावर (म्हणजे नुसत्या लांबीवर) आणि दुसरं चौरस फुटावर असेल, तर तुलना होतच नाही. दोघांकडून तेच ड्रॉइंग, तेवढ्याच ट्रॉल्या, ट्रॉल्या सरकवायचे तेच चॅनेल आणि बिजागऱ्या लिहून मागा. फोडकाम, राडारोडा उचलणं, प्लंबिंग आणि नवा दगड हे मॉड्युलरच्या कोटेशनमध्ये आहे का तेही विचारा. बऱ्याचदा ते शेवटच्या पानावर ‘ग्राहकाकडून’ या शब्दामागे असतं.