'ताई' म्हणाला, आणि मी पावती मागितली नाही

मिरजेच्या एका मुलीने गेल्या आठवड्यात मला एक नंबर पाठवला. "ताई, हा माणूस कसा आहे? स्पाउस व्हिसाची कामं करतो म्हणे." तो नंबर मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. वर्षभर लाजेपायी तोंड मिटून बसले होते. आता लिहिते.

मी मूळची सांगलीची. इंग्लंडात लेस्टरला येऊन बारा वर्षं झाली. शिकायला आले, नोकरी लागली, कायमचं राहायचा परवाना मिळाला. एका पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्सला आहे. काम काय, तर पुरवठादारांची बिलं तपासायची. व्हॅट नंबरात नऊ आकडे नसले की बिल परत. ऑर्डर नंबर जुळला नाही की बिल परत. एका म्हाताऱ्या सुताराचं बिल नुसती तारीख नाही म्हणून मी दोनदा परत पाठवलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल.

लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं. नवऱ्याचं कुपवाड एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. माझ्या घरच्यांच्या दृष्टीने तो जावई, इथल्या सरकारच्या लेखी 'परदेशी जोडीदार'. त्याला इथे आणायचं तर माझं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं. आधी ही अट १८,६०० ची होती. आम्ही कागद जमवत बसलो आणि ११ एप्रिल २०२४ ला ती एका फटक्यात २९,००० झाली. माझा पगार २८,२००. आठशे पौंडांनी कमी! माझ्या शेजारच्या टेबलावरचा तेलुगू मुलगा वर्क व्हिसावर आहे, त्याने बायको डिपेंडंट म्हणून आणली, त्याला ही २९,००० ची अट नाही. परवा आलेल्याला मोकळीक आणि बारा वर्षं कर भरणारीला फूटपट्टी. असो.

त्या आठशे पौंडांनी माझी झोप उडवली होती, आणि नेमका तेव्हाच तो भेटला. सप्टेंबरात, गणपतीत. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे उभा होता. "सांगलीत कुठं? गावभागात? अहो, माझी आत्या हरभट रोडला!" झालं. दहा मिनिटांत मी ताई झाले होते. म्हणाला, मी लंडनला असतो, आपल्या लोकांची व्हिसाची कामं करतो, फाइल पुण्याच्या ऑफिसातून चालते. आपली भाषा, आपलं गाव, वर गणपतीचा मांडव. कोण संशय घेईल? तुम्ही घेतला असता? मग तुम्ही माझ्यापेक्षा हुशार.

आणि मी अगदीच अडाणी नव्हते, हेही लिहून ठेवते. तो आधी म्हणाला, "दाजींना व्हिजिटरवर बोलवा, इथं आल्यावर बदलून घेऊ." मी तिथल्या तिथे सांगितलं की व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला इथे राहून जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही. मग म्हणाला, "पगाराच्या स्लिपा जरा ॲडजस्ट करू." त्यालाही मी ठाम नाही म्हटलं. खोटा कागद सापडला तर दहा-दहा वर्षं दार बंद होतं, हे मी वाचलं होतं. त्यावर तो हसला. "ताई, तुमच्यासारखा अभ्यास केलेलं माणूस पहिल्यांदाच भेटलं." हे वाक्य मला फार आवडलं. तिथेच मी गेले.

पैसे तीन वेळा दिले. १९ सप्टेंबरला त्याची फी ९०० पौंड. १४ ऑक्टोबरला सरकारी फी: अर्जाचे १,८४६, हेल्थ सरचार्जचे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) ३,१०५, प्रायॉरिटीचे (निकाल लवकर लागावा म्हणून) ५००, मिळून ५,४५१. आकडे बरोबर होते, मी स्वतः सरकारी साइटवर ताडून पाहिले. म्हणूनच विश्वास बसला. लक्षात ठेवा, लबाडाला खरे आकडे पाठ असतात. तिसरा हप्ता ११ नोव्हेंबरचा, 'स्पॉन्सर बॉण्ड' १,२०० पौंड. म्हणे, उत्पन्न जेवढं कमी त्याच्या दीडपट बॉण्ड भरायचा, व्हिसा लागला की परत. आठशेच्या दीडपट बाराशे. गणित चोख होतं! हिशेबाच्या माणसाला गणित जुळलं की नियम खरा वाटतो. असला बॉण्ड या व्हिसात अस्तित्वातच नाही.

एकूण ७,५५१ पौंड. सगळे पुण्याच्या एका बचत खात्यावर, रुपयांत, त्याने लावलेल्या १०९ च्या भावाने. ८,२३,०५९ रुपये. भाव बाजारापेक्षा थोडा कमी धरलाय, तुमचाच फायदा, असं वर सांगायला तो विसरला नाही. खातं कुणा बाईच्या नावावर होतं. "इथं घेतले तर व्हॅट लागेल ताई, वीस टक्के." आणि ॲपमधून पाठवताना कारण काय लिहू विचारलं तर म्हणाला, "कुटुंबासाठी खर्च असं टाका, लवकर जातात." मी टाकलं. तीनही वेळा. हे पुढे कसं अंगावर आलं ते सांगतेच.

आता ती संध्याकाळ. १६ ऑक्टोबर, बुधवार. मी कुकर लावला होता आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीची पीडीएफ पाठवली. वर सरकारी मुकुटाचं चिन्ह, खाली नवऱ्याचं नाव, पासपोर्ट नंबर, आणि जीडब्ल्यूएफने सुरू होणारा अर्जाचा नंबर. मी तो मोठा करून पाहिला. अक्षरांच्या पुढे आठ आकडे होते. या नंबरात नऊ असतात. माझ्या मैत्रिणीच्या अर्जाचा फोटो माझ्या फोनमध्येच होता, दोन मिनिटांत ताडता आला असता. दिवसभर मी दुसरं काय करते? लोकांच्या बिलांवरचे नऊ आकडे मोजते! आणि घरी बसून हे आठ पाहिले, कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करायला उठले आणि परत आल्यावर नवऱ्याला ती पीडीएफ पुढे पाठवून दिली. खाली लिहिलं, "झालं रे काम."

मनात एक शंका आली होती, खोटं बोलणार नाही. मी त्याला विचारलं, की नवऱ्याच्या मेलवर सरकारकडून काहीच कसं आलं नाही? तो म्हणाला, "मेल आमच्या ऑफिसचा दिलाय ताई, तुम्हाला उगाच ताप नको." सगळी फसवणूक या एका वाक्यात होती. अर्ज आपण स्वतः ऑनलाइन भरतो, फी आपल्या कार्डाने भरतो, मेल आपल्याला येतो. तुमच्या अर्जात फक्त दुसऱ्याचाच मेल पत्ता असेल तर तिथेच शंका घ्या. मी मात्र त्याला "थँक्यू" लिहिलं, हात जोडलेल्या इमोजीसकट.

३ डिसेंबरला नवऱ्याची बोटांचे ठसे द्यायची तारीख होती, मुंबईला. तो आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाला. फाइल अशी लावलेली की बघत राहावं: लग्नाचं सर्टिफिकेट, फोटो, इंग्रजीच्या ए-१ परीक्षेचा निकाल, टीबीचा दाखला, माझ्या सहा महिन्यांच्या स्लिपा. इस्त्रीचा शर्ट बॅगेत वेगळा. केंद्राच्या दारातल्या माणसाने त्याचं पत्र हातात घेतलं, यादीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग पत्रावरचा चौकोनी कोड स्कॅन केला तर कुठल्याशा कुरिअर कंपनीचं पान उघडलं. माझा नवरा कमी बोलतो. त्याने मला फोन करून एवढंच विचारलं, "तू त्याची पावती नीट बघितली होतीस ना?" मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. काय सांगू?

त्या लबाडाचा फोन पुढे चार दिवस बंद. मग मेसेज, "घरात मयत झालीय ताई, दहा दिवस द्या." मग जानेवारीत नवऱ्याच्या खात्यात ११,००० रुपये आले. आम्हाला वाटलं, चला, सुरुवात तरी झाली. ते ११,००० त्याने का टाकले हे आम्हाला पोलीस ठाण्यात कळलं.

आता या यंत्रणांचं ऐका. माझी इथली बँक: ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या पेमेंटचे पैसे बँकांनी परत द्यायचे असा नियम झालाय, ८५,००० पौंडांपर्यंत. मी उड्या मारत फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर बाई म्हणाल्या, हा नियम ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये केलेल्या पेमेंटला आहे, तुमचे पैसे बाहेर गेले. पुण्याचं खातं का होतं, ते तेव्हा कळलं. व्हॅट-बिट काही नाही. पैसे पाठवणाऱ्या ॲपवाल्यांनी तर मलाच उलट विचारलं, की तुम्ही 'कुटुंबासाठी खर्च' लिहिलंय, मग घेणारी बाई तुमची नातेवाईक ना? इथल्या फसवणुकीच्या तक्रारीच्या लाइनवर एक लांबलचक नंबर मिळाला आणि काही आठवड्यांनी छापील पत्र: तपासाला पुरेसा धागा नाही. धागा नाही? त्याचा फोन नंबर, खातं, गणपतीतला फोटो, सगळं दिलं होतं! फोटोत तो प्रसादाचं ताट धरून उभा आहे.

पुण्यात तर विचारूच नका. नवरा वर्कशॉप बंद ठेवून तीनदा गेला. पहिल्यांदा, "पैसे तुमच्या मिसेसचे ना? मग तक्रार त्यांनी करायची." दुसऱ्यांदा, "पैसे इंग्लंडातून आले, तुम्ही सांगलीचे, खातं इथलं. गुन्हा घडला कुठं?" १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. नवऱ्याने मोबाईलवर उघडून दाखवलं. "कायदा आम्हाला शिकवू नका." तिसऱ्यांदा साहेबांनी पासबुक पाहिलं आणि ११,००० वर बोट ठेवलं. "परत करतोय की तो. म्हणजे हा उसनवारीचा व्यवहार झाला. दिवाणी कोर्टात जा." ११,००० रुपयांत त्याने ८,१२,०५९ पचवले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका, आणि अशा माणसाकडून तुकड्यात पैसे येऊ लागले तर 'फसवणुकीच्या रकमेपैकी' असं लेखी कळवल्याशिवाय गप्प बसू नका. आणि १९३० वर, म्हणजे भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात फोन. आम्ही लाजेत आणि 'मयत झालीय' मध्ये महिना घालवला. तोवर खातं रिकामं होतं.

मंडळात बोलले तर एक काकू म्हणाल्या, "आपल्यातलं बाहेर कशाला?" आपल्यातलं! तो आपल्यातला होता म्हणूनच तर गेले ना पैसे.

पण सर्वांत जास्त जळते ती गोष्ट वेगळीच आहे. जानेवारीत मी शेवटी एका रजिस्टर्ड सल्लागार बाईंकडे गेले. इथे पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला १९९९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, नाहीतर तो गुन्हा आहे. नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं नाव आधी ओआयएससी होतं, जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी. नाव टाकून दोन मिनिटांत शोधता येतं. सॉलिसिटर असेल तर त्यांची यादी वेगळी. बाईंनी माझे कागद पाहिले आणि विचारलं, "बचत किती होती?" मी म्हटलं, सप्टेंबरात २२,४००, घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले. त्यांनी कागदावर लिहिलं: १६,००० अधिक आठशेच्या अडीचपट, म्हणजे १८,०००. एवढी बचत सहा महिने खात्यात असली की पगारातली तूट भरून निघते. नियम हाच आहे, सरकारी पानावर छापलेला. मी सप्टेंबरात पात्र होते. बॉण्ड नको, ॲडजस्ट नको, आत्या नको. आणि आता? त्याला पैसे देऊन बचत १५ हजारांच्या आत आली होती. ज्या पैशांनी नवरा आला असता तेच त्याला दिले.

मग मी शनिवारी एका दुकानात चार तास काम धरलं. दोन नोकऱ्यांचा पगार एकत्र धरतात. सहा महिन्यांच्या स्लिपा जमेपर्यंत टीबीचा दाखला बाद झाला, त्याची मुदतच सहा महिन्यांची. तो परत काढला. ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून अर्ज भरला. फी तोवर १,९३८ झाली होती, ९२ पौंडांचा तोही दंडच. मेल नवऱ्याच्या पत्त्यावर आला. त्याने जीडब्ल्यूएफच्या पुढचे आकडे मला मोठ्याने एकेक करून वाचून दाखवले. नऊ. अजून निकाल यायचाय.

मिरजेच्या मुलीला मी मेसेज नाही केला, सरळ फोन लावला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, ९०० पौंड मी परवाच भरले. पुण्याच्या खात्यावर." तिला भाव ११८ चा लावलाय. १,०६,२०० रुपये.