शिकवणं छान, पण काही विचारलं की तोंडं बंद

माझी मुलगी या शाळेत दुसरीत आहे. प्रवेशाचे दिवस आले की ओळखीतले लोक "शाळा कशी आहे गं?" म्हणून विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी कारखान्यात सेफ्टी विभागात काम करते. त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की आधी आग विझवायच्या सिलिंडरचा काटा बघते, मग बाकीचं. खोड समजा.

शिकवण्याबद्दल तक्रार नाही. बाई ओरडत नाहीत, वह्या वेळेवर तपासतात, मुलगी सकाळी कुरकुर न करता निघते.

गेटवरची व्यवस्था मला मनापासून आवडते. न्यायला आलेल्याकडे फोटोचं कार्ड नसेल तर मूल सोडत नाहीत म्हणजे नाहीत. माझ्या सख्ख्या भावाला वॉचमनकाकांनी बाहेर उभं केलं होतं. ही आतून "मामा, मामा" करतेय, तरी ऑफिसातून मला फोन येऊन मी हो म्हणेपर्यंत काका जागचे हलले नाहीत. भाऊ भडकला. मी मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन काकांचे आभार मानले. त्यांच्याच टेबलावरचं व्हिजिटर रजिस्टर चाळलं, तर आत आल्याची वेळ प्रत्येक ओळीत भरलेली आणि बाहेर गेल्याचा रकाना पानंच्या पानं कोरा. उद्या इमारत रिकामी करायची वेळ आली तर आत कोण राहिलंय हे कशावरून कळणार? काका "हो ताई, भरतो" म्हणाले. रकाना अजून कोराच आहे.

सिलिंडरचे काटे हिरव्या पट्ट्यात आहेत, फक्त एक सिलिंडर चित्रांच्या बोर्डामागे गडप झालाय. मॉक ड्रिल होते, पण आदल्या दिवशी सूचना येते, त्यामुळे मुलं बूट घालून तयारच बसलेली असतात. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असायचं. कारण काय, तर मुलं पळून जातात! कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. हे आठवून मी मुख्याध्यापिकांना कुलपाबद्दल लिहून दिलं. थोड्याच दिवसांत त्या दाराला आतून ढकललं की उघडेल असा दांडा बसला. कौतुक केलंच पाहिजे. एखाद्या वस्तूतली खोट दाखवली की ही शाळा ऐकते. काय घडलं असं विचारलं की मात्र सूर बदलतो.

मुलगी घसरगुंडीच्या शिडीवरून पडली. मला ते रात्री वेणी सोडताना कळलं. कानामागे बोट लागलं तशी ती कळवळली, बघते तर चांगलं टेंगूळ. शाळेत बर्फ लावला होता, थोडा वेळ बसवून ठेवलं होतं. म्हणजे उपचार केले, त्याबद्दल वाद नाही. पण फोन नाही, डायरीत ओळ नाही. डोक्याचा मार लगेच दिसतोच असं नाही. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं ही लक्षणं काही तासांनीही सुरू होऊ शकतात. तेव्हा मूल घरी असतं. लक्ष कशावर ठेवायचं हे घरच्यांना माहीतच नसेल तर त्यांनी काय करायचं? सुदैवाने काही झालं नाही.

विचारायला गेले तर आधी "असं काही झालेलं नाही", मग "मुलं पडतातच हो". पडतातच! मी कुठे नाही म्हणतेय? अपघाताची नोंदवही बघायला मागितली तर "ती आमची अंतर्गत आहे". सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं तर अर्ज द्या. अर्जाला उत्तर येईस्तोवर फुटेज पुसलं गेलं होतं. हे होणारच असतं, कारण रेकॉर्डरची डिस्क भरली की जुन्यावर नवं चढत जातं. म्हणून अर्ज हातात पडला त्याच दिवशी तेवढा भाग बाजूला काढून ठेवायचा असतो. दाखवायचा की नाही ते नंतर ठरवा. फुटेजमध्ये दुसऱ्यांची मुलं दिसतात, त्यामुळे मला कॉपी देऊ नये हे मान्यच आहे. समोर बसवून दाखवायला कोणाची हरकत होती?

वर "बाकी कोणत्याच पालकांची तक्रार नाही" हे ऐकून घ्यावं लागलं. पालकांच्या ग्रुपवर विषय काढला, तर आणखी काही घरांत अशीच टेंगळं रात्रीच सापडली होती.

बसचं प्रकरण तर याहून वाईट हाताळलं. बसमधल्या मावशी अचानक बदलल्या. का, ते कोणी सांगेना. मग ग्रुपवर जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या बाईंचं नाव नाहक खराब झालं असेल, किंवा खरंच काही घडलं असेल. मला आजही माहीत नाही. कोणाचं नाव न घेता शाळेला एवढं तर कळवता आलं असतं की बदल कशामुळे केला, मुलांना काही धोका होता का आणि आता बसमध्ये मुलं मोजून कोण उतरवतं. तीन ओळींचं काम.

बाहेरून येणाऱ्या कराटे आणि नाचाच्या सरांची पार्श्वभूमी कोण तपासतं, या प्रश्नाला "ते आमच्या ओळखीतले आहेत" असं उत्तर मिळालं. त्यांच्या तासाला वर्गात शाळेच्या बाई थांबतात का, याला उत्तरच नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा रंगीत भिंती बघून परत येऊ नका. मूल पडलं तर आम्हाला किती वेळात कळवता आणि ते कोण कळवतं, हे समोरासमोर विचारा. नियम असेल तर चटकन सांगतील.

पाचपैकी तीन तारे. एक कापला तो लपवाछपवीसाठी, दुसरा बससाठी. मुलीला काढणार नाही, तिच्या मैत्रिणी इथे आहेत आणि बाई खरंच चांगल्या आहेत. गेल्या पालकसभेनंतर निदान डोक्याला लागलं तर फोन करायचं शाळेने कबूल केलंय, तेही आम्ही लेखी मागितल्यावर. बसबद्दलचं पत्र अजून आलेलं नाही. आलं तर एक तारा वाढवून इथेच कळवेन.