एअर सस्पेन्शनचा डंपर, आठ महिने: फुगे बरे, बटण भिकार

बारा वर्षं पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) डंपरवर काढली, मग ही फुग्यांची, म्हणजे पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर बसणारी गाडी घेतली. आठ महिने झाले. लिहायला बसलोय ते रागाने: गेल्या आठवड्यात मागचा डावा फुगा फाटला आणि सर्व्हिसवाल्याने 'चालवण्यातली चूक' असा शेरा मारून वॉरंटी नाकारली.

चांगलं आधी सांगून टाकतो. रिकामी गाडी आता खड्ड्यात रिकाम्या डब्यासारखी आदळत नाही, संध्याकाळी कंबर जागेवर असते. ॲव्हरेज-बिव्हरेजवर बोलणारे पुष्कळ आहेत.

माझं दुखणं हौदा उचलतानाचं. पाट्यांच्या गाडीचं बूड थोडं दबतं आणि विषय संपतो. इथे बूड दबलं की लेव्हलिंग व्हॉल्व्हला (फुग्यांत हवा कमीजास्त करून गाडीची उंची सारखी ठेवणारी झडप) वाटतं लोड वाढला, तो फुग्यांत आणखी हवा भरतो. मग माल धाडकन निघून गेला की तीच जादा हवा चासीला वर उचलते आणि हिसका बसतो शॉकअब्सॉर्बरला. त्यात माझ्या गाडीत मागच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच व्हॉल्व्ह. माल एका अंगाला चिकटला की त्या बाजूची हवा हलक्या बाजूला सरकते, कललेली गाडी आणखी कलते. ३ अंशांचा कल केबिनमध्ये जाणवतही नाही, पण हौद्याचं टोक ५ मीटर वर असेल तर तिथे ते २६ सेंटिमीटर बाजूला गेलेलं असतं.

दुसऱ्याच महिन्यात ओली माती उजव्या कोपऱ्याला धरून बसली. आरशात बघतो तर हौदा तिरका. जागा सपाट होती, टायरची हवा सारखी होती. गाडी पुढेमागे करून हिसके देण्याचा मोह आवरला, बेल्ट लावलेलाच होता. आजूबाजूची माणसं लांब पिटाळली आणि हौदा हळूहळू खाली घेतला. त्या रात्री माझं मत ठाम झालं: फुग्यांची गाडी डंपिंगला नालायक.

ते मत आता मागे घेतोय. त्या दिवशी फुगे रिकामे झालेच नव्हते. या गाडीच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, हौदा उचलण्याआधी हवा सोडा, चासी रबरी स्टॉपरवर बसू द्या. बसली की गाडी पाट्यांच्या गाडीपेक्षाही घट्ट उभी राहते, हे नंतर कितीदा तरी पाहिलं. पण हवा सोडायचं बटण फॉग लॅम्पच्या बटणाशेजारी, त्याच आकाराचं. त्याचा दिवा मोहरीएवढा, उन्हात दिसतच नाही. वर पूर्ण हवा सुटायला माझ्या गाडीत २० सेकंद लागतात. पाचव्या सेकंदाला पीटीओ (इंजिनची ताकद हौदा उचलणाऱ्या पंपाला देणारा जोड) लावला तर तुम्ही अर्धवट फुग्यांवर हौदा उचलताय.

फाटलेल्या फुग्याची गोष्टही याच बटणाची. गाडी खाली करून निघालो, हवा परत भरायची राहिली, तसाच दोन किलोमीटर गेलो. फुग्याची घडी चेपली. म्हणजे सर्व्हिसवाला निम्मा बरोबर, लिहिताना कबूल करावं लागतंय. पण काउंटरवर तो म्हणाला, "साहेब, बटण दिलंय ना?" अहो दिलंय, पण ते दाबलेलं आहे हे कळायचं कसं? बझर नाही. काही गाड्यांत पीटीओ लावला की हवा आपोआप सुटते. यात एक वायर आणि एक व्हॉल्व्ह कमी टाकून कोणी काय वाचवलं? आणि बटण उलटं केल्यावर लगेच निघताही येत नाही. कंप्रेसरची हवा आधी ब्रेकच्या टाक्यांना जाते, उरली तर फुग्यांना.

शेवटी फुकटचा उपाय केला. टेपने ॲक्सल ते चासी अंतर मोजलं, फुगे भरलेले असताना एक आणि रिकामे असताना एक. मडगार्डच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा ओढल्या. आरशात खालची रेघ दिसल्याशिवाय पीटीओला हात नाही, वरची दिसल्याशिवाय गिअरला नाही. बटणावर जुन्या डब्याचं लाल झाकण चिकटवलंय.

नवा फुगा बसवताना त्यांनी लेव्हलिंग व्हॉल्व्हही बदलायला काढला होता. मी खाली वाकून बघितलं, झिजलं होतं फक्त त्याच्या दांडीचं रबर. तेवढंच बदलून घेतलं. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही.

बझरसाठी ते अख्खं वायरिंग बदला म्हणतात. जुन्या गाडीचा रिव्हर्सचा बझर काढून ठेवलाय, रविवारी इलेक्ट्रिशियनकडून तोच बसवून घेतो.