जुन्या एमजीबीला पॉइंट की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल?

मित्राकडे 1965 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे आणि आठवडाभर तो याच पेचात आहे. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारा यांत्रिक संपर्क; मॉड्यूल तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतं. पॉइंट स्वस्त, पण त्याची कॅमवर घासणारी टाच झिजते, 0.35 ते 0.40 मिमीची फट कमी होते, टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकतं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट डुगडुगत असेल तर फट टिकतच नाही. मॉड्यूल ते बरंच सांभाळून घेतं. त्यात झिजण्यासारखं काही नाही. पण गेलं की गेलंच, आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली तर जळूही शकतं. पॉइंट मात्र रस्त्याकडेला बारीक पॉलिश पेपरने घासून मी स्वतः गाडी घरी आणली आहे. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं), मॉड्यूल तसंच मागवा. नेहमी चालवणार असाल तर मॉड्यूल, डिकीत जुना पॉइंट-संच ठेवून. मूळ रूप जपायचं असेल आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताळायला आवडत असेल, तर पॉइंटच.