फायबर पोस्ट की कास्ट पोस्ट: हिरडीलगत मोडलेल्या पुढच्या दातासाठी

रूट कॅनाल नीट झालं आहे, एक्स-रेत गटापर्चा (मुळात भरायचा रबरासारखा पदार्थ) टोकापर्यंत भरलेला दिसतो, ठोकून पाहिलं तर दुखत नाही. पण वरचा पुढचा दात हिरडीच्या जेमतेम दोन मिलिमीटर वर मोडला आहे. कॅपला आधार मुळातूनच घ्यावा लागणार. आता मुळात फायबर पोस्ट (तंतूंची बारीक दांडी) चिकटवून वर कंपोझिटचा कोअर (कॅपखालचा गाभा) उभा करायचा, की माप पाठवून लॅबमधून धातूची कास्ट पोस्ट ओतून आणायची? नव्याने दवाखाना सुरू केलेल्यांना हा प्रश्न पडतोच. मी फायबरकडे झुकलेला आहे, हे आधीच सांगतो. पण कास्ट पोस्टला मोडीत काढावं असं मला वाटत नाही.

दोन्हींच्या आधी फेरूल (कॅप ज्याला कवेत घेते ते शाबूत दाताचं कडं) तपासा. जुनी किड आणि भरण काढल्यावर कॅपच्या कडेच्या वर चहूबाजूंनी शाबूत डेंटिन (दाताचा मुख्य कठीण भाग) किमान १.५ ते २ मिमी उंच आणि १ मिमी जाड उरतं का, ते प्रोबने मोजा. पोस्टने दाताला बळकटी येते हा समज अजून टिकून आहे. पोस्ट फक्त कोअर धरून ठेवते. दात वाचवतं ते हे डेंटिनचं कडं. ते नसेल तर आधी ऑर्थोडोंटिक पद्धतीने मूळ खाली ओढून घ्या किंवा हिरडी-हाडाची उंची कमी करून घ्या. पुढच्या दातात मी ओढून घेण्याच्या बाजूचा, कारण हाड कापलं की शेजारच्या दातांचा आधारही कमी होतो आणि हिरडीची रेष वर सरकते. मूळ आखूड असेल आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर पेशंटला इम्प्लांट किंवा ब्रिजबद्दल त्याच दिवशी सांगितलेलं बरं.

लांबीचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. वरच्या मधल्या दाताचं मूळ सरासरी १३ मिमी. टोकाशी ५ मिमी गटापर्चा ठेवला की पोस्टला ८ मिमी उरतात, आणि कॅपची उंची १० मिमीच्या आसपास असते. म्हणजे 'पोस्ट किमान कॅपएवढी लांब' हा नियम इथे पुरा होत नाही. तरीही तळाचा गटापर्चा उकरू नका. टोकाचं सील गेलं तर पुढचं सगळं वाया.

कास्ट पोस्टचा मोठा गुण म्हणजे ती त्या मुळासाठीच घडवलेली असते. कॅनाल लंबगोल असो वा वर फुगलेला, धातू त्या आकाराचाच येतो, मध्ये सिमेंटचा जाड थर राहत नाही. दात पुढे आलेला असेल तर कोअरचा कोन थोडा बदलून घेता येतो. पोस्ट आणि कोअर एकाच तुकड्याचे, त्यामुळे कोअर पोस्टवरून निखळण्याचा प्रश्नच नाही. ओलाव्याचंही तिला फारसं वावडं नाही. ग्लास आयोनोमर सिमेंटने बसवता येते.

मला खटकतो तो मधला आठवडा. पॅटर्न रेझिनने तोंडातच नमुना घ्या किंवा सिलिकॉनचं माप द्या, लॅबमधून ओतीव काम यायला चार-पाच दिवस लागतातच. तोवर कॅनाल मोकळा, आणि पुढचा दात असल्यामुळे पेशंटला तसं घरी पाठवताही येत नाही. मग वायरचा तुकडा आणि सेल्फ-क्युअर अ‍ॅक्रिलिक वापरून तात्पुरता दात करायचा आणि तात्पुरत्या सिमेंटवर बसवायचा. हा दात भाकरीच्या पहिल्या घासाला हलतो. पेशंट गावाकडून एसटीने येणारा असेल तर बाजाराच्या दिवसाशिवाय पुन्हा येत नाही. निघालेला दात तो बोटाने दाबून बसवतो आणि तसाच वावरतो. आतलं गटापर्चाचं सील आता फक्त ५ मिमीचं आहे आणि लाळ थेट त्यावर येते. बाहेरून काही कळत नाही, दुखत नाही. काही महिन्यांनी कॅप बसलेल्या दाताच्या एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर छाया दिसू लागते आणि दोष रूट कॅनालवर जातो. हातात आकडेवारी घेऊन मी हे बोलत नाही, खुर्चीशेजारी जे दिसतं त्यावरून बोलतो. पण माझा निर्णय याच आठवड्याने केला.

फायबर पोस्टमध्ये गटापर्चा काढणं, पोस्ट चिकटवणं, कोअर बांधणं आणि कॅपची कापणी एकाच बैठकीत उरकते. कॅपसाठी वाट पाहावी लागतेच, पण तोवर कॅनाल बंद झालेला असतो आणि तात्पुरती कॅप घट्ट कोअरवर बसते.

मात्र फायबर पोस्ट चिकटण्यावर जगते, आणि चिकटवणं बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे कॅनालच्या भिंतीवर उरलेला सीलर (गटापर्चासोबत वापरलेलं सिमेंट) आणि गटापर्चा. गरम प्लगर किंवा पीसो रीमरने गटापर्चा काढा, नंतर पोस्टच्या संचातलाच ड्रिल हळू फिरवा, आणि मग एक्स-रे काढून भिंती पांढऱ्या राहिल्या नाहीत ना ते पाहा. युजेनॉल असलेला सीलर वापरला असेल तर भिंतीचा तो थर पूर्ण निघायला हवा, नाहीतर रेझिन नीट घट्ट होत नाही. सोडियम हायपोक्लोराइट शेवटचं द्रव म्हणून ठेवू नका, त्यातला ऑक्सिजनही रेझिनला आडवा येतो. १७ टक्के ईडीटीए (भिंत साफ करणारं द्रव) एक मिनिट, मग भरपूर पाणी, मग पेपर पॉइंट कोरडा बाहेर येईपर्यंत. हवा मारून कॅनाल वाळवू नका; तळाशी पाणी राहतंच. पोस्ट अल्कोहोलने पुसून सायलेन (रेझिन चिकटायला मदत करणारं द्रव) लावा आणि त्यानंतर तिला बोट लावू नका. सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह रेझिन सिमेंट लांब नळीने तळापासून भरत वर या. लेंटुलोने (फिरत्या सर्पिल तारेने) भरलं तर ते आतच लवकर घट्ट होऊ शकतं आणि पोस्ट अर्ध्यावर अडकते. वरून ४० सेकंद प्रकाश द्या, पण लगेच कोअर कापायला घेऊ नका. खोलवरचं सिमेंट स्वतःहून घट्ट व्हायला पाचेक मिनिटं द्या. आणि हे सगळं रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून.

बिघाडाचं रूपही तोलून पाहावं. डेंटिनचा लवचिकता गुणांक (कडकपणाचं माप) साधारण १८ गिगापास्कल. काचेच्या फायबरची पोस्ट त्याच्या बऱ्याच जवळ, निकेल-क्रोमियमची कास्ट पोस्ट २०० च्या आसपास. फायबर बिघडते तेव्हा बहुतेकदा सुटते किंवा कोअरशी मोडते, आणि ती पुन्हा बसवता येते. अडकलेला तुकडा फायबरच्या दिशेने ड्रिल करून काढता येतो. कास्ट पोस्ट सुटते तेव्हा ठीक; पण मूळ उभं चिरलं तर हिरडीच्या एकाच जागी अरुंद, खोल पॉकेट मिळतो आणि दात काढावाच लागतो. कास्ट पोस्ट काढायला अल्ट्रासोनिक लावलं तर पाण्याशिवाय चालवू नका, धातू तापतो आणि ती उष्णता मुळाभोवतीच्या हाडापर्यंत जाते.

रंगाचं सांगायला हवं का? पारदर्शक सिरॅमिकची कॅप हवी असेल तर राखाडी धातू आतून दिसतो. तिथे फायबरच.

उलट, मोडलेली कड हिरडीखाली गेली आहे, रक्त थांबत नाही आणि रबर डॅम बसत नाही, किंवा कॅनाल इतका फुगला आहे की फायबरभोवती सिमेंटचाच ढीग होईल, अशा वेळी मीही कास्ट घेतो. मग लॅबला आधी फोन करून ओतीव काम कोणत्या दिवशी मिळेल ते विचारतो आणि त्या तारखेवरून मापाचा दिवस ठरवतो. पेशंटला तात्पुरता दात निघाला तर तो घेऊन त्याच दिवशी यायला सांगतो. कॅनाल रबर डॅमखाली पुन्हा धुऊन मगच तो बसवतो. दिवाळीत लॅब बंद असते, त्यामुळे त्याच्या आदल्या आठवड्यात कास्ट पोस्टचं माप घेत नाही. वसुबारसेच्या पुढचं सगळं भाऊबीज झाल्यावर.